पोरांचं बास्केटबॉल कोचिंग: फिटनेसला किती वेळ द्यायचा आणि बॉलला किती?

नवाशिट्टीवाला:

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आधीच सांगून टाकतो, मी काही शिकून झालेला कोच नाही. कॉलेजच्या टीममधून गार्ड (बॉल पुढे नेणारा) खेळायचो, मग खेळ सुटला तो सुटलाच, आणि आता पंधरा वर्षांनी "तुला येतं ना, मग शिकव की" म्हणून चौदा पोरं गळ्यात पडलीत. वय 9 ते 13, मुलं-मुली एकत्र. आठवड्यातून तीनदा, दीड-दीड तास. एक कोर्ट, दोन रिंगा, सहा बॉल.

मी आपलं आम्हाला जसं शिकवलं तसंच सुरू केलं. पहिली वीस मिनिटं राउंड, मग स्ट्रेचिंग, मग उठाबशा आणि पुशअप, मग लाइन लावून लेअप (पळत येऊन रिंगजवळून उडी मारत बॉल टाकणं), लाइन लावून शूटिंग, आणि शेवटची पंधरा मिनिटं मॅच. दीड महिना झाला आणि आता अवस्था अशी आहे की राउंड म्हटलं की अर्ध्या पोरांच्या शूजच्या लेस एकदम सुटतात. मॅच सुरू झाली की नऊ जण बॉलवर मधमाश्यांसारखे आणि दहावा ओरडतोय मला दे मला दे. ड्रिबल करताना, म्हणजे बॉल आपटत नेताना, सगळ्यांची मान खाली. एक 11 वर्षांचा पोरगा आहे तो कमरेजवळून दोन्ही हातांनी बॉल असा भिरकावतो की गोणी फेकतोय असं वाटतं, आणि वर तो आत जातो, त्यामुळे माझं ऐकायचा प्रश्नच नाही.

त्यात दोघांचे गुडघे दुखायला लागलेत. एकजण तर गेल्या चार-पाच महिन्यांत ताडमाड वाढलाय, आधी लेअप मस्त मारायचा आता पायात पाय येतात त्याच्या.

पालकांचं वेगळंच. एक म्हणतात स्टॅमिना वाढवा, दुसरे म्हणतात मॅच कधी, तिसरे रोज विचारतात उंची वाढेल ना.

तर माझा प्रश्न साधा आहे, दीड तासात फिटनेस किती आणि स्किल किती? आणि गुडघेवाल्यांना खेळवू की बसवू?

बेंचवरचा_बारावा:

सर, तुमचा प्रश्नच थोडा चुकतोय असं मला वाटतं, रागावू नका. फिटनेस वेगळा आणि स्किल वेगळं असे दोन डबे करून ठेवलेत तुम्ही. 9-10 वर्षांच्या पोराला ते दोन डबे कळत नाहीत, त्याला एवढंच कळतं की बॉल माझ्या हातात आहे की नाही.

एकदा फक्त एक प्रयोग करा. लेअपच्या लाइनला उभे रहा आणि एकाच पोराकडे घड्याळ लावून दहा मिनिटं बघा. चौदा पोरं एका लाइनीत, प्रत्येकाला साधारण सहा सेकंद, म्हणजे एक फेरी जवळजवळ दीड मिनिटाची. दहा मिनिटांत त्या पोराला सात लेअप मिळाले. सात! उरलेला वेळ तो पुढच्याची कॉलर ओढतोय. मी पण वर्षानुवर्षं हेच करत होतो, ज्या दिवशी मोजलं त्या दिवशी लाजच वाटली.

राउंडचं गणित पण करा. आठवड्याला साडेचार तासातला एक तास नुसता राउंडमध्ये जातोय. आणि खेळात कोण असं सलग वीस मिनिटं एका लयीत पळतं? 28 मीटरचं कोर्ट आहे, पाच-सात सेकंद जीव तोडून पळायचं, खाडकन थांबायचं, आडवं सरकायचं, उडी, परत थोडं चालायचं. लहान पोरांचं शरीर पण तसंच चालतं, छोट्या छोट्या झपाट्यांनंतर ती आपल्यापेक्षा फार लवकर सावरतात, नीट बघितलं तर ग्राउंडवर मोकळी सोडलेली पोरं स्वतःहून असंच खेळतात. सलग जॉगिंग त्यांना दमवत नाही तर कंटाळवतं.

मी काय करतो ते सांगतो. सुरुवात पकडापकडीने, बॉल हातात घेऊन. थ्री पॉइंटच्या कमानीच्या आत सगळे ड्रिबल करत फिरतात, आपला बॉल सांभाळायचा आणि दुसऱ्याचा टपली मारून उडवायचा. तुमच्याकडे सहाच बॉल आहेत तर सहा जण ड्रिबल करतील, दोघं बिनबॉलचे चोर, आणि बाकीचे सहा पलीकडच्या अर्ध्या कोर्टात डिफेन्सच्या स्लाइड, उलटं पळणं, बेअर क्रॉल असलं काहीतरी, मग दोन मिनिटांनी अदलाबदल. आठ-दहा मिनिटांत घामाघूम होतात आणि त्यांना वाटतं आज फिटनेस झालाच नाही.

मान खाली राहते त्याला उपाय म्हणजे तुम्ही समोर उभं राहून बोटं दाखवायची आणि त्यांनी ड्रिबल करता करता आकडा ओरडायचा. तीन! पाच! एक! मध्येच मी दोन्ही हात मागे घेतो, तरी दोघं-तिघं आकडा ओरडतात, ते पकडले गेले. "वर बघ वर बघ" असं शंभरदा ओरडून जे होत नाही ते याने आठवडाभरात होतं.

मधमाश्यांचं औषध म्हणजे माणसं कमी करा. पाच विरुद्ध पाच हा या वयाचा खेळच नाही हो. तीन विरुद्ध तीन लावा, दोन रिंगांवर बारा पोरं आणि उरलेले दोन बाजूला पासिंग करत उभे, तीन मिनिटांनी आत. तुमचा आकडा तर अगदी बरोबर बसतोय. आणि पहिले काही दिवस ड्रिबल बंद, फक्त पास. बॉल मिळाला की थांब, पिव्होट कर (एक पाय जागेवर रोवून दुसऱ्याने फिर), बघ, पास दे आणि रिंगकडे कट मार. पहिल्या दिवशी नुसता गोंधळ होईल, ट्रॅव्हलिंग, म्हणजे बॉल धरून पावलं टाकणं, तर विचारूच नका, पण तिसऱ्या दिवसापर्यंत त्यांना कळतं की बॉलपासून लांब पळालं की बॉल मिळतो. हे भाषण देऊन सांगता येत नाही, मी बरंच देऊन बघितलंय.

झोन डिफेन्स, म्हणजे माणूस न धरता प्रत्येकाने आपापली जागा राखणं, मात्र अजिबात शिकवू नका आत्ता. लहान पोरांना लांबून शूट जमत नाही म्हणून झोन लावला की मॅच जिंकता येतात आणि म्हणूनच बरेच कोच लावतात, पण मग त्या पोराला आपला माणूस धरणं कधीच येत नाही. एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) आणि यूएसए बास्केटबॉलने मिळून छोट्यांसाठी जे नियम सुचवलेत त्यात तर 11 वर्षांपर्यंत झोनच नको म्हटलंय.

जुना_फॉरवर्ड:

वरचं वाचून हसू आलं. आम्ही दहा राउंड मारल्याशिवाय बॉलला हात लावायला मिळायचा नाही आणि चौथ्या क्वार्टरला समोरची टीम कमरेवर हात ठेवून उभी असायची तेव्हा आम्ही पळत असायचो. आजकाल पोरांना सगळं मजेमजेत हवं. थोडा कंटाळा सहन करायला शिकवणं हे पण कोचचंच काम आहे. नवाशिट्टीवाला, राउंड बंद करू नका, पंधरा मिनिटं ठेवा.

बेंचवरचा_बारावा:

दादा, चौथ्या क्वार्टरला तुम्ही पळत होतात हे मान्यच. पण तुमच्याबरोबर पहिल्या दिवशी राउंड मारायला किती जण होते आणि शेवटी टीममध्ये किती राहिले? जे राउंडला कंटाळून दुसऱ्या आठवड्यात आलेच नाहीत त्यांच्यात एखादा चांगला गार्ड असेल की नाही कुणाला माहीत. शिवाय तुम्ही तेव्हा 16-17 चे असाल. इथे 9 वर्षांची पोरं आहेत.

आणि अजून एक, पास चुकला की दोन राउंड, उशीर झाला की पाच राउंड हे तर पहिलं बंद करा. पळणं ही शिक्षा आहे असं एकदा डोक्यात बसलं की मग तो पोरगा आयुष्यभर पळायला नाक मुरडणार.

जुना_फॉरवर्ड:

शिक्षा म्हणून पळवू नये, हे बरोबर आहे, ते आमच्या वेळी पण चुकीचंच होतं. लहान पोरांचं पण समजू शकतो. पण मग दमवायचं कसं ते ऐका. 12-13 वाल्यांना बेसलाइनपासून (रिंगमागची कोर्टाच्या टोकाची रेषा) पलीकडच्या बेसलाइनपर्यंत स्प्रिंट, जाऊन येऊन, आणि धाप लागलेली असतानाच दोन फ्री थ्रो (फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणारे मोकळे शूट). परत स्प्रिंट, परत दोन. ताजेतवाने असताना फ्री थ्रो कुणीही टाकतं. मॅचमध्ये फाउल मिळतो तेव्हा छाती धडधडत असते. आणि आत किती गेले ते मोजून लिहून ठेवायला लावा, दुसऱ्याशी नाही, स्वतःच्याच कालच्या आकड्याशी.

फिजिओताई:

गुडघ्यांबद्दल लिहिते कारण त्यावर अजून कुणीच बोललं नाही.

दादा, त्या दोघांना विचारा की बोट ठेवून दाखव कुठे दुखतं. जर बोट वाटीच्या खाली, नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो तिथे गेलं आणि तिथे दाबल्यावर दुखलं, तर बहुतेक वेळा ते ऑसगुड श्लॅटर निघतं. नाव भयंकर आहे पण वाढत्या वयातल्या उड्या मारणाऱ्या पोरांमध्ये खूप कॉमन. होतं असं की हाड भराभर लांब होतं, मांडीचे स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, मग मांडीचा पुढचा स्नायू आपल्या दोरीने त्या उंचवट्याला सतत ओढत राहतो, आणि तिथलं हाड अजून कच्चं असतं, वाढीची जागा असते ती. असाच प्रकार टाचेला पण होतो, टाचेच्या मागे दुखतं, ते पण बघत जा.

बसवू की खेळवू, तर बहुतेकांना पूर्ण बसवायची गरज नसते पण उड्या आणि स्प्रिंट कमी करायला लागतात. खेळताना थोडं दुखून दुसऱ्या दिवशी पूर्ण बरं वाटत असेल तर हलकं चालू ठेवता येतं. त्या दिवशी त्याला पासिंग, बसून किंवा उभ्याने बॉल हँडलिंग, जागेवरून फॉर्म शूटिंग द्या, म्हणजे टीममध्ये पण राहतो. पण लंगडत असेल, गुडघा सुजला असेल, रात्री झोपेत दुखत असेल, किंवा गुडघा अडकल्यासारखा होत असेल तर मात्र खेळ बंद आणि सरळ डॉक्टरकडे. आणि एकदा तरी दोघांनाही दाखवून घ्याच, मी इथे बसून निदान करत नाहीये.

ताडमाड वाढलेल्या पोराचं, अहो त्याचा लेअप बिघडला नाहीये, त्याचे पायच बदललेत! मेंदूला अजून जुन्या लांबीचा हिशोब माहितीये. मुलींमध्ये ही झपाट्याची वाढ साधारण 12 च्या आसपास आणि मुलांमध्ये 14 च्या आसपास सगळ्यात जोरात असते, पण एक-दोन वर्षं इकडे तिकडे सहज होतं. दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून सगळ्यांची उंची लिहून ठेवा. ज्याचा आकडा अचानक उडी मारेल त्याच्या उड्या काही दिवस कमी करायच्या आणि त्याला ओरडायचं नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उडी मारायला सगळेच शिकवतात, उतरायला कुणी शिकवत नाही. पोरांना छोटी उडी मारून दोन्ही पायांवर उतरायला लावा आणि तिथेच तीन आकडे मोजेपर्यंत पुतळा. गुडघे आत एकमेकांकडे वळतायत का बघा, पावलाच्या रेषेत राहिले पाहिजेत. मुलींच्या बाबतीत तर डोळ्यात तेल घालून बघा, वयात आल्यावर गुडघ्याच्या आतला लिगामेंट, एसीएल, फाटायचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा बरंच जास्त असतं, आणि तेही धक्का लागून कमी, उतरताना नाहीतर वळताना जास्त. वॉर्मअपमध्येच दहा मिनिटं उतरणं, एका पायावर तोल, थांबणं-वळणं एवढं नियमित केलं तरी खूप फरक पडतो.

समजावून सांगायला सोपी युक्ती म्हणजे "आवाज न करता उतरा". धप्प आवाज आला म्हणजे गुडघा वाकलाच नाही. पोरं मांजर व्हायला एका पायावर तयार असतात.

उठाबशा, पुशअप, प्लँक चालू ठेवा, त्याने उंची खुंटते वगैरे काही नाही, या वयात स्नायू फुगत नाहीत पण मेंदूला ते स्नायू नीट वापरायची सवय लागते. फक्त आकड्याच्या मागे लागू नका. वेड्यावाकड्या पन्नास उठाबशांपेक्षा नीट दहा. आणि सुरुवातीला एका जागी ताणून धरण्याचं जे स्ट्रेचिंग आहे ते शेवटी घ्या, आधी हलतं-फिरतं वॉर्मअप.

तिच्याबाबा:

मी कोच नाही, मुलगी 12 ची आहे ती खेळते, पालकांच्या बाजूने लिहितो. उंचीवाल्या पालकांना प्रेमाने सांगा की उंची मुख्यतः आईबापाकडूनच येते, बाकी झोप आणि खाणंपिणं. उंच पोरं या खेळात टिकतात म्हणून आपल्याला वाटतं खेळाने उंच झाली. आणि पाच फूट तीन इंचाचा मगसी बोग्स एनबीएत चौदा सीझन खेळला हे पण सांगा, गप्प बसतात.

दुसरं म्हणजे पोरांना बाकीचे खेळ सोडायला लावू नका. आमच्या आधीच्या कोचनी पोहणं बंद करायला सांगितलं होतं, तीन महिन्यांत पोरीला बास्केटबॉलचाच वीट आला. एनबीएतला टिम डंकन लहानपणी पोहायचा, 1989 च्या ह्युगो वादळात त्याच्या बेटावरचा मोठा तलाव उद्ध्वस्त झाला म्हणून तो बास्केटबॉलकडे वळला. एनबीएतलाच ओलाजुवॉन पंधरा वर्षांचा होईपर्यंत फुटबॉलमध्ये गोलकीपर आणि हँडबॉल, त्याचं ते फूटवर्क लोक अजून बघत बसतात. एनबीएवालेच सांगतात की 14 च्या आधी एकाच खेळाला जुंपू नका.

आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण सुट्टी पाहिजे हो त्यांना. जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी साठ मिनिटं हालचाल म्हणते, पण तिने कोचचीच शिट्टी पाहिजे असं म्हटलेलं नाही.

शूटरकाका:

गोणी फेकणाऱ्या पोराबद्दल. तुमचे सहाच्या सहा बॉल कुठल्या नंबरचे आहेत?

नवाशिट्टीवाला:

सगळे सात नंबर. मोठ्यांचेच मिळाले होते.

शूटरकाका:

वाटलंच. मग पोराची काही चूक नाही. सात नंबरचा बॉल 600 ग्रॅमच्या आसपास, रिंग 3.05 मीटरवर, आणि त्याचे हात काडीसारखे. तो जे करतोय ते हुशारीचंच आहे, खांद्यात ताकद नाही तर कमरेतून आणतोय. छोट्यांसाठी पाच नंबरचा बॉल असतो, घेर 69 ते 71 सेंटिमीटर, वजन 500 ग्रॅमच्या आतबाहेर. मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग पण 2.60 मीटरवर आणि फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून 4 मीटर, मोठ्यांची 4.60. उगाच नाही ते आकडे कमी केलेले. 11 वर्षांपर्यंत निदान पाच किंवा सहा नंबर आणाच, कुठून तरी दोन-तीन जुने मिळाले तरी चालतील.

रिंग खाली येत नसेल तर रिंगचा नाद काही दिवस सोडा. भिंतीवर पोराच्या डोक्याच्या दोन हात वर खडूने चौकोन काढा आणि तिथे एका हाताने शूट. दुसरा हात पाठीमागे. बॉल तळव्यावर नाही, बोटांच्या पेरांवर, कोपर बॉलच्या खाली, गुडघे वाकवून वर येता येता सोडायचा आणि हात तिथेच वर ठेवायचा, मनगट खाली पडलेलं, बरणीत हात घातल्यासारखं. बॉल सरळ उलटा फिरत परत त्याच्याकडेच आला म्हणजे जमलं, आडवा फिरला म्हणजे अंगठा नाहीतर दुसरा हात मध्ये लुडबुडतोय. हे तो स्वतःच बघू शकतो, तुम्ही सांगायची गरजच नाही. मग रिंगच्या अगदी खाली, एक पाऊल मागे, पाचातले चार गेले की अजून एक पाऊल. जिथे कोपर बाहेर जायला लागलं तिथे थांबायचं, ती त्याची आजची हद्द.

आणि त्याला एनबीएतल्या स्टेफन करीची गोष्ट सांगा. तो पण लहानखुरा होता म्हणून खालूनच फेकायचा आणि जायचे पण. शाळेत असताना एका उन्हाळ्यात वडिलांनी, डेल करी स्वतः एनबीएतले शूटर, त्याचा शूट पार मोडून डोक्याच्या वरून सोडायला शिकवला. कित्येक आठवडे त्या पोराला रिंगजवळचं सोडून लांबून शूटच जमेना, रडकुंडीला आला होता. आत जातोय म्हणून बरोबर असं नसतं. आज त्याच्यासमोर हात वर करणारा कुणी उंच नाहीये म्हणून जातोय, दोन वर्षांनी तोच शूट रोज ब्लॉक होणार.

पण एकदम सगळं मोडू नका हं. मॅचमध्ये त्याला हवं तसं फेकू दे, प्रॅक्टिसला मात्र रोज दहा मिनिटं भिंत.

नवाशिट्टीवाला:

तीन आठवड्यांनी परत येतोय, रिपोर्ट द्यायला.

राउंड बंद. (जुना_फॉरवर्ड दादा, मोठ्या चौघांना तुमचं स्प्रिंट आणि फ्री थ्रो सुरू केलंय, त्यांची वही पण केलीय, स्वतःच भांडतात आकड्यांवरून.) पकडापकडीला पोरं पाच मिनिटं आधी येऊन उभी असतात. लेस आता सुटत नाहीत.

बिनड्रिबलच्या तीन-तीनला पहिल्या दिवशी मी शिट्टी फेकून घरी जाणार होतो, खरं सांगतो. एक पोरगा बॉल धरून पंधरा सेकंद नुसता गोल गोल पिव्होट करत होता आणि सगळे त्याच्याभोवती. आता निदान दोन जण लांब पळतात. तिसरा अजून मधमाशीच आहे.

दोघांनाही डॉक्टरांना दाखवलं, एकाचं फिजिओताईंनी लिहिलं तेच निघालं, दुसऱ्याचं किरकोळ आहे म्हणाले, शूज झिजले होते ते बदलायला सांगितले. ताडमाड गडी सध्या उड्या कमी, पासिंग जास्त, आणि अचानक त्याचे पास इतके सुंदर व्हायला लागलेत की मलाच कळेना आधी हे कुणाच्या लक्षात का आलं नाही.

पाच नंबरचे तीन बॉल मिळाले. गोणीवाला भिंतीवर रोज दहा मिनिटं करतो पण शेवटचा एक मुद्दाम कमरेतून मारतो, माझ्याकडे बघून.

आता अडचण वेगळीच झालीये. आवाज न करता उतरायचं मी करून दाखवत होतो. सगळे गप्प उभे. मी उडी मारली, उतरलो, तर 9 वर्षांची एक मुलगी म्हणाली, "सर, तुमचा आवाज आला." सगळं कोर्ट हसलं. परत मारली, परत आला. आता रोज शेवटी मला सगळ्यांसमोर दहा उड्या मारायला लावतात आणि आवाज मोजतात. ताई, माझेच गुडघे दुखायला लागलेत हो.

फिजिओताई:

दादा, पंधरा वर्षांनी उड्या मारताय आणि एकदम दहा? पाचच मारा, एक दिवसाआड. आणि बोट ठेवून सांगा, नक्की कुठे दुखतंय.